एक माणूस, एक नोंद

३ ऑगस्ट २०२५, रविवार. हिद्द, बहारिन.

पोहोचले एकदाची. विमानतळाच्या दाराबाहेर पाऊल टाकलं आणि चष्म्यावर अशी वाफ धरली की समोर उभी असलेली मॅगीआंटी मला दिसलीच नाही. तिने मात्र मला लांबूनच ओळखलं आणि भुईगावच्या बाजारात मारतात तशी हाक मारली. ही माझ्या आईची मावसबहीण. इथल्या एका इस्पितळात नर्स आहे. तिचा नवरा विल्फ्रेडअंकल बंदरावर सुपरवायझर. माझा नवरा क्रेग आणि मुली येईपर्यंत मी त्यांच्याकडेच राहणार. घरी आल्याबरोबर पानात सुके बोंबील आणि भात. बहारिनमधलं पहिलं जेवण वसईचं, म्हणजे प्रवास फुकटच गेला म्हणायचा.

ही डायरी मुलींनी दिली. फियोनाला निळी हवी होती, फेलिशाला हिरवी, म्हणून शेवटी काळी आली. जुळ्या आहेत, सतरा वर्षं एका खोलीत काढलीत, पण एका गोष्टीवर दोघींचं एकमत झालेलं मला आठवत नाही. फियोना बोलते, फेलिशा गुणगुणते. फियोना कडाकडा भांडून मोकळी होते. फेलिशा दोन दिवस फुगून बसते आणि मग कधीतरी गुपचूप येऊन शेजारी टेकते. तेव्हा काही विचारायचं नसतं, नुसतं बसायचं असतं. हे शिकायला मला बरीच वर्षं लागली.

मी त्यांच्यासाठीच आले, हे कशाला लपवू. इथल्या ज्या विद्यापीठात मी नोकरी घेतली, तिथे कर्मचाऱ्यांच्या मुलांना फी जवळजवळ माफ आहे आणि आमच्याकडे दोघी एकदम बारावी झाल्या. सप्टेंबरच्या सुरुवातीला क्रेग त्यांना घेऊन येईल. तोवर मला पाय रोवायचे आहेत. आज खूश आहे मी.

६ ऑगस्ट, बुधवार

ऑफिस छान आहे, थंडगार. इतकं थंड की बाहेर अंग भाजतं आणि आत शाल लागते. आमचे डायरेक्टर डॉ. हमद अतिशय सभ्य माणूस. लहानशा कपातून कॉफी देतात, कप हलवला नाही तर देतच राहतात. अडचण सांगितली की म्हणतात मफी मुश्किल, काही अडचण नाही. तारीख विचारली की म्हणतात इंशाल्ला. या दोन शब्दांत प्रोजेक्ट बसवायचा म्हणजे माझी कसोटी आहे.

काम समजायला सोपं आहे. विद्यापीठाची जुनी सिस्टिम म्हणजे सावळागोंधळ. एकच मुलगा प्रवेश विभागात एका स्पेलिंगने, वाचनालयात दुसऱ्या, वसतिगृहात तिसऱ्या. पास झाला की पदवी तिघांना द्यायची का, असं मी मीटिंगमध्ये विचारलं तेव्हा सगळे हसले. नव्या सिस्टिममध्ये प्रत्येकाची एकच नोंद असेल आणि ओळखपत्र, फाटक, हजेरी, निकाल सगळं त्या एका नोंदीवर चालेल. एक माणूस, एक नोंद, असं मी म्हणाले. डॉ. हमदना ते इतकं आवडलं की आज लिफ्टमध्ये अरबी आणि इंग्रजीत पोस्टर लागलंय.

जुनी सिस्टिम सांभाळतो तो ओवैस, सियालकोटचा. सतत बडीशेप चघळतो. मला हिंदीत म्हणाला, मॅडम, पुरानी चीज़ को छेड़ने से पहले सलाम कर लेना चाहिए. मी म्हटलं, सलाम तू कर, नमस्कार मी करते, पण तारीख चुकवायची नाही.

१२ ऑगस्ट, मंगळवार

हेल्पडेस्कवर सुट्टीपुरत्या काम करणाऱ्या दोन मुलींशी गट्टी झाली. मरियम आणि मरवा, बुदैया गावच्या, दुसऱ्या वर्षाला. जुळ्या. बघितलं आणि माझ्या दोघी आठवल्या. मरियमला चष्मा आहे आणि ती नखं खाते. मरवा डावखुरी, कुणी फोनवर तक्रार सांगत असलं की डाव्या हाताने कागदावर मासे काढत बसते. त्यांचे आजोबा कोळी होते म्हणे. मी म्हटलं, मग आपण गाववालेच.

मी माझ्या दोघींचे फोटो दाखवले. मरवा म्हणाली की येऊ देत, आम्ही त्यांना सगळं शिकवू, कुठल्या कँटीनचा कडक चहा प्यायचा ते आधी. मरियम म्हणाली की कुठला प्यायचा नाही ते आधी. मग त्यावरून दोघींची जुंपली, अरबीत. मला एक अक्षर कळलं नाही आणि तरी सगळं कळलं.

२० ऑगस्ट, बुधवार

तारीख डोक्यावर बसली आहे. शुक्र-शनिवारच्या सुट्टीत नवी सिस्टिम सुरू करायची, रविवारी लोक आले की सगळं तयार. दुहेरी नोंदींचा डोंगर मात्र तसाच आहे. ओवैसचं म्हणणं, प्रत्येक जोडी हाताने तपासू. त्याचे जुने साहेब म्हणे त्या माणसाला बोलावून समोर बसवल्याशिवाय दोन नोंदी कधी एक करत नसत. मी म्हटलं, असं केलं तर नाताळ उजाडेल. आधी लगीन कोंढाण्याचं. त्याला अर्थ सांगितला, तो हसला नाही.

नियम मीच लिहिला. जन्मतारीख, वडिलांचं नाव, पत्ता, फोन आणि नावाचं पहिलं अक्षर जुळलं की त्या दोन नोंदी एकाच माणसाच्या. जी जास्त भरलेली ती राहील, दुसरी तिच्यात विरघळेल. डॉ. हमदनी कॉफी पीत पीत सही केली. नव्या मुलांचे अर्जही याच फेरीत घातले, म्हणजे आमच्या दोघींचेही आले. एका दगडात सगळे पक्षी.

२४ ऑगस्ट, रविवार

झालं. फाटकं उघडली, कार्डं चालली, एकही फोन खणखणला नाही. डॉ. हमदनी केक आणला. मला खलास म्हणाले, म्हणजे संपलं, पार पडलं. मॅगीआंटीने माझ्या तोंडावरची दमलेली कळा बघून पेज करून दिली. घरी फोन करायला जमलंच नाही या तीन-चार दिवसांत, नुसते मेसेज. क्रेगने अंगठा पाठवला. हा माणूस लग्नाच्या वाढदिवसालाही अंगठाच पाठवेल.

२५ ऑगस्ट, सोमवार

हेल्पडेस्कवर आज मरियम एकटीच होती. मी विचारलं, मरवा कुठे. तिने चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, कोण मरवा. मला वाटलं, भांडल्या असतील. मग ओवैसला विचारलं. तो म्हणाला, मॅडम, इथे सुट्टीत एकच मुलगी कामाला होती. मी त्याला म्हटलं, थट्टा पुरे. त्याचा चेहरा थट्टा करणाऱ्याचा नव्हता.

टेबलाला दोन खुर्च्या होत्या. मरियम एकीवर बसायची, थोड्या वेळाने उठायची आणि दुसरीवर बसायची. दिवसभर.

२७ ऑगस्ट, बुधवार

आज मरियम माझ्या केबिनमध्ये आली, दार लावून घेतलं आणि रडली. उजव्या हाताने डोळे पुसत होती आणि डावा हात माझ्या टेबलावरच्या कागदावर मासा काढत होता. तिचं तिकडे लक्षही नव्हतं. म्हणाली की ईदचं जेवण आठवतंय, पण दोनदा. एकदा खिडकीकडे पाठ करून बसलेय आणि एकदा खिडकीकडे तोंड करून. आणि समोर मीच बसलेय. आईला सांगितलं तर ती म्हणाली, तू माझी एकुलती एक, ऊन लागलंय तुला.

ती गेल्यावर मी सिस्टिम उघडली. जन्मतारीख एक. वडील एक. पत्ता एक, फोन एक. नावाचं पहिलं अक्षर एक. मरियमची नोंद जास्त भरलेली. मरवाची तिच्यात विरघळलेली.

जुळी. नियम लिहिताना जुळ्यांचा विचारच केला नाही मी. मी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. आपल्या पोरांची नावं सारखी ठेवणारी, एकच फोन नंबर देणारी बाई.

पण नोंद विरघळली म्हणून माणूस कसा विरघळेल? आणि विरघळला असेल तर मला कशी आठवते ती? नियम माझा म्हणून?

२८ ऑगस्ट, गुरुवार

सकाळीच बदल समितीकडे तातडीची मागणी टाकली. आमच्याकडे चालत्या सिस्टिममध्ये काहीही बदलायचं तर या समितीची मंजुरी लागते. चुकून एक झालेल्या सगळ्या नोंदी पुन्हा वेगळ्या करा, असं लिहिलं, आणि असं कडक लिहिलं की कुणाला नाही म्हणता येऊ नये. डॉ. हमद म्हणाले, आधी एक जोडी करून बघू, मग समिती बाकीच्यांचं ठरवेल. मरियमचीच जोडी घ्यायची ठरली.

मग बाकीच्या जोड्या पडद्यावर काढल्या. भाऊ-भाऊ, बहिणी-बहिणी. खाली सरकत गेले.

तुस्कानो, फियोना क्रेग. आत विरघळलेली नोंद: तुस्कानो, फेलिशा क्रेग.

घरी फोन लावला, लागेना. लागला तेव्हा क्रेग म्हणाला, काय झालं, मुलगी आत्ताच चर्चमधून आली. मी म्हटलं, मुली. तो म्हणाला, अगं, कुठल्या मुली? मी फेलिशाचं नाव घेतलं. तो हसला, म्हणाला, हे नाव आपण ठेवणार होतो वाटतं, आवडायचं तुला.

फियोनाला फोनवर घेतलं. मम्मा, तू ते नाव म्हणालीस ना, ती म्हणाली, तेव्हा माझ्या छातीत कुणीतरी वळून बघितलं. मग गुणगुणायला लागली. फियोना कधी गुणगुणत नाही. मी जमिनीवर बसले आणि ऐकत राहिले. ती आहे. आत आहे माझी पोर. सूर तिचाच होता.

मॅगीआंटीला सांगितलं. तिने दोघींच्या बाप्तिस्म्याला दोन चांदीचे क्रूस दिले होते. माझ्या कपाळाला हात लावून म्हणाली, बाय, तुझं एकच लेकरू. ताप आहे का बघू.

३१ ऑगस्ट, रविवार

ओवैसने जुन्या साठ्यातून, बॅकअपमधून, मरवाची नोंद काढली आणि वेगळी केली. त्याला ती आठवत नाही, पण नोंद दिसते, आणि मी म्हणते त्यावर त्याचा विश्वास आहे. तो म्हणाला, मॅडम, मशीन झूठ बोल सकती है, माँ नहीं. दुपारी हेल्पडेस्ककडे धावत गेले. टेबलामागे दोघी होत्या.

मी तिथेच रडले. सगळ्यांसमोर, लाज वाटली नाही. मरियमने मला पाणी दिलं. मरवा शांत बसली होती. आता समितीने लवकर होकार द्यावा. शुक्रवारी क्रेगचं विमान आहे. दोघी उतरतील. येशू, दोघी उतरू देत.

१ सप्टेंबर, सोमवार

मरवाचं काहीतरी—

आधी लक्षात आलं नाही. ती सरळच बघते. हाक मारली तर मान वळवत नाही, सगळं अंग वळवते, की पुन्हा चेहरा सरळ समोर. दोन्ही कान सारखे दिसतात. ओठ मिटलेले. ओळखपत्रावरचा फोटो तसाच आहे, पांढऱ्या भिंतीपुढचा.

नाव विचारलं, सांगितलं. जन्मतारीख, पत्ता, विषय, रक्तगट, सगळं बरोबर. मासे काढत नाहीस का आता, असं विचारलं. तिने सगळं अंग माझ्याकडे वळवलं. मग म्हणाली की वाचनालयाचं एक पुस्तक परत करायचं राहिलंय.

दर वेळी तेच. चहा घेतेस का, विचारलं तर पुस्तक परत करायचंय. बहीण कुठे, तर पुस्तक परत करायचंय.

ओवैसने नोंद उघडून दाखवली. नोंदीच्या तळाला शेरा लिहायला दोन ओळींची जागा असते. तिथे कुणा क्लार्कने कधीतरी लिहून ठेवलंय: वाचनालयाचं पुस्तक परत केलेलं नाही.

नोंदीत जेवढं होतं, तेवढीच परत आलीये.

२ सप्टेंबर, मंगळवार

मरियमला विचारलं, खिडकीकडे तोंड करून बसल्याचं आठवतं का. नाही म्हणाली. एकदाच जेवलेय, पाठ करून. समोर कोण होतं ते आठवत नाही. आता ती बरी दिसते, रडत नाही, नखं खाते. मरवा नावाची बहीण आहे एवढं तिला ठाऊक आहे. तिच्याकडे बघत नाही.

म्हणजे जोवर दोघी एकीत होत्या तोवर मरवा होती. तिचे मासे, तिची खिडकी. वेगळी केली आणि ते गेलं. कुठेच नाही.

त्यांच्या आईचा हेल्पडेस्कला फोन आला होता. विचारत होती की मुलीला काय आवडतं ते तुमच्याकडे लिहिलेलं आहे का. ताटावर बसते आणि वाट बघते.

मागणी मागे घ्यायला हवी. उद्या. पहिलं काम.

३ सप्टेंबर, बुधवार

डॉ. हमदच्या पाया पडायची बाकी राहिले. ते शांतपणे ऐकत होते. म्हणाले की कार्ड चालतं, हजेरी लागते, दोघींचे निकाल वेगळे येतील, मग बिघडलं काय? त्यांनी मरवाला बोलावून प्रश्न विचारले. सगळी उत्तरं बरोबर. मला म्हणाले, सिस्टर हॅझेल, चूक तुम्ही शोधलीत, उपायही तुमचाच, आता घाबरू नका. मागणी आता समितीची आहे. माझंच कडक इंग्रजी वाचून दाखवलं मला. हात दाखवून अवलक्षण.

मी म्हटलं, निदान माझ्या मुलींना वगळा. त्यांनी भिंतीवरच्या पोस्टरकडे बोट केलं. अगदी प्रेमाने.

ओवैसला म्हटलं, अर्जच काढून टाक त्यांचे, नोंदच नको. तो पांढरा पडला. म्हणाला, एक करने से क्या हुआ, देख लिया. मिटाने से क्या होगा, वो भी देखना है?

नाही. नाही बघायचं.

४ सप्टेंबर, गुरुवार

मंजूर.

ओवैसने हे काम करायला नकार दिला. उघड, डॉ. हमदच्या तोंडावर. मग ते सिस्टिमच्या कंपनीकडे गेलं. कंपनीचा माणूस दुसऱ्या देशात बसलाय, तिथून बटण दाबणार. उंटावरून शेळ्या. शुक्रवारी. त्याला फोन केला. तो फार नम्र होता. म्हणाला की मॅम, काळजी करू नका, डेटा एक टक्काही जाणार नाही.

ओवैस म्हणाला, साठ्यातल्या फेलिशाच्या नोंदीत शेऱ्याच्या दोन ओळी रिकाम्या आहेत. भरून देतो. जितकं मावेल.

दोन ओळी. सतरा वर्षांची पोर.

लिहिते, खोडते. तिच्या हसण्याला नाव नाही. खोकला आला की आधी माफी मागते, ते कसं लिहायचं. शेवटी हे दिलं:

डावखुरी. गुणगुणते. फुगली तर बोलू नका, जवळ बसा. विजेला घाबरते. लिंबाचं लोणचं. फियोना बहीण, तिच्यावर जीव आहे. कुणावर ओरडत नाही.

एवढंच मावलं. पुढचं अक्षर पडेना.

संध्याकाळी फियोनाला फोन केला. फियोनाला नाही. तिला. काही विचारलं नाही, नुसती फोन धरून बसले. पलीकडे ती गुणगुणत होती. मग म्हणाली, मम्मा, आम्ही ठीक आहोत. आम्ही म्हणाली. मी म्हटलं, फेलिशा, माझ्या बाय, ऐक— आणि पुढे काय सांगणार होते. सॉरी म्हटलं. ती म्हणाली, कशाबद्दल?

५ सप्टेंबर, शुक्रवार. विमानतळ.

लवकर आले. मॅगीआंटी सोबत आहे, पलीकडे कॉफी घेतेय. सकाळी म्हणाली, एक मुलगी येणार तर एवढी मोठी गाडी कशाला सांगितलीस.

विमान निघालंय. निघताना क्रेगने फोटो पाठवला. तो आणि फियोना. ती कॅमेऱ्याकडे बघत नाहीये, खिडकीबाहेर बघतेय. डावा हात गालाला. तो हात तिचा आहे. फेलिशाचा. किती वेळ बघत बसले.

—

ओवैसचा फोन. झालं म्हणाला. त्याने पडद्यावर पाहिलं. दोन नोंदी. शेरा आहे. मॅडम, दुआ कीजिए, म्हणाला. तोही रडत होता बहुतेक.

विमान अजून हवेत आहे. आता या क्षणी तिथे काय— फियोनाच्या शेजारच्या सीटवर—

मॅगीआंटी येऊन बसली. घड्याळ बघून म्हणाली, दोघी दमल्या असतील गं. फियोना आणि फेलिशा. इतक्या सहज म्हणाली.

—

उतरलं.

शिकवेन तिला. सगळं पुन्हा शिकवेन. मासा कसा साफ करायचा, कुठला सूर कुठून धरायचा. लहान मुलांना शिकवतातच ना. सतरा वर्षं लागली तर लागू देत. मी आहे. आई आहे तिची, नोंदीत नसलं तरी ती मला—

नोंदीत.

वडील: क्रेग. पालक: क्रेग. आईच्या नावाची जागा नव्या फॉर्ममध्ये नाही. अर्ध्याअधिक नोंदींत ती रिकामीच असायची म्हणून मी काढायला लावली.

आणि त्या दोन ओळी. तिच्याबद्दल सगळं लिहिलं. फियोना लिहिली. लोणचं लिहिलं. मी कुठेच—

दार उघडलं. क्रेग. ट्रॉली. हात हलवतोय. फियोना त्याच्या बाजूला, फोनवर काहीतरी बघत, हसत. गुणगुणत नाहीये.

मागून ती. सरळ बघतेय. ओठ मिटलेले. केस तिचेच, चालणं— चालणं नाही.

मॅगीआंटीने मिठी मारली तिला. तिने मारू दिली.

माझ्यासमोर येऊन थांबली. माझ्याकडे बघतेय. मी काही बोलले नाही, जवळ जाऊन नुसती उभी राहिले, शेजारी, तशीच. ती क्रेगकडे वळली, सगळं अंग वळवून, आणि अगदी सभ्यपणे, कुणावर न ओरडता, त्याला विचारलं की डॅडा, या बाई कोण—